बारा मिनिटांचा थांबा

४ फेब्रुवारी
चार घड्याळांच्या गावातून

अहो वेळापत्रक,

आगारात सगळे तुम्हाला ह्याच नावानं ओळखायचे. मीच चौतीस वर्षं नुसतं ‘अहो’ म्हणत राहिले.

मी पळून गेलेली नाही. शेजारणीला तसं वाटत असेल तर वाटू द्या, तिचा आठवडा बरा जाईल. फ्रिजवर कागद लावलाय. कुठल्या तारखेला कुठल्या लॉजवर असेन ते त्यावर आहे, पत्र तिथे टाका. माझा फोन शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये आहे, बॉबिनच्या डब्याखाली. तुम्हाला तो सापडला नसणार, कारण तो ड्रॉवर तुम्ही जन्मात उघडलेला नाही. आणि वन्संना फोन करू नका. तुमची ही बहीण गाडी चालवताना फक्त समोरच्या ट्रकशी बोलते, आणि जे बोलते ते तुम्ही ऐकण्यासारखं नसतं. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरात नर्स होती ती. लाज तिथेच कुठल्यातरी ट्रेमध्ये ठेवून आली.

का निघाले ते परत एकदा लिहिते, कारण तेव्हा तुम्ही पेपर वाचत होता. सासूबाई गेल्या, घर विकलं, आता त्या रस्त्यानं जायचं काही कारण उरलं नाही. चौतीस वर्षांत त्या रस्त्यानं मी किती वेळा गेले आणि पाहिलं काय, तर पुढच्या ट्रकची पाठ. ‘आता जाऊया का एकदा, सगळीकडे थांबत थांबत?’ असं मी विचारलं. तुम्ही पान उलटलंत आणि म्हणालात, ‘त्या रस्त्यावर बघण्यासारखं काही नाही.’ मग मी वन्संना विचारलं. त्या म्हणाल्या, कधी?

तर, बघण्यासारखं काही. ह्या गावात चौकात एक मनोरा आहे. त्याला चार बाजूंना चार घड्याळं आणि चारही वेगळ्या वेळा. प्रत्येक बाजूचा बाजार आपलं घड्याळ आपण सांभाळतो आणि दुसऱ्याचं चुकलंय म्हणतो. पूर्वेकडच्या डॉक्टरनं साडेदहाला बोलावलं की विचारायचं असतं, कुणाचे साडेदहा? आमचं लॉज पश्चिमेला. तिथे नाश्ता संपला होता, म्हणून वन्संनी मला चौक ओलांडून उत्तरेकडे नेलं. तिथे अजून सुरू व्हायचा होता.

तुम्ही इथे असता तर तुम्हाला घाम फुटला असता. मी दीड तास कठड्यावर बसून होते. फार बरं वाटलं.

तुमची,
(अजून तरी) बायको


७ फेब्रुवारी
घरून

प्रिय (हे लिहिताना हात अडखळला, सवय नाही),

तुझं पत्र मिळालं. चार घड्याळांबद्दल वाचून त्रास झाला. एक माणूस नेमून ही गोष्ट वीस मिनिटांत दुरुस्त होईल.

घरी सर्व ठीक आहे. मी दिवसाचं वेळापत्रक केलं असून ते स्वयंपाकघराच्या दाराला लावलं आहे. सहा पन्नासला दूध, सात दहाला अंडं. अंडं पहिल्या दिवशी सात एकोणीसला झालं, आता सुधारणा आहे.

तुझ्या दुकानाचा प्रश्न मात्र गंभीर आहे. तू पुढच्या खोलीला कुलूप घातलंस, पण माणसं बेल वाजवतात. ‘ताई नाहीत’ म्हटलं तरी जात नाहीत. आतापर्यंत अकरा लोक आले. त्यांच्या चिठ्ठ्या बघून मी कपडे देऊन टाकले. तुझी चिठ्ठ्यांची पद्धत शास्त्रीय नाही. ‘निळी पॅन्ट, घाईवाले’ असं एका चिठ्ठीवर होतं, ‘निळी पॅन्ट, गप्प’ असं दुसरीवर. त्यामुळे दातांच्या डॉक्टरांची पॅन्ट बँडमधल्या कर्णेवाल्याकडे गेली आणि कर्णेवाल्याची डॉक्टरांकडे. डॉक्टर दवाखान्यात दोन दिवस सोनेरी पट्ट्यांच्या पॅन्टीत होते. ते म्हणाले, पेशंट कमी घाबरले.

एक बाई कपड्याशिवाय आली. म्हणजे कपडे घालूनच, पण शिवायला काही न आणता. म्हणाली, ‘ताईंशी बोलायला येते मी मंगळवारी.’ मी म्हटलं, बोला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली.

फ्रिजवरच्या कागदाप्रमाणे तू दहा तारखेला पुढच्या गावी असशील. गाडीचं तेल बघून घ्या.

तुझा,
मी


१० फेब्रुवारी
मिशांच्या गावातून

अहो,

डॉक्टरांच्या पॅन्टीचं वाचून वन्सं इतक्या हसल्या की लॉजवाल्यानं पाणी आणून दिलं. ‘घाईवाले’ म्हणजे डॉक्टर, ‘गप्प’ म्हणजे कर्णेवाला. दिवसभर कर्णा फुंकणारा माणूस माझ्याकडे येऊन चकार शब्द काढत नाही. हे चिठ्ठीवर नाही लिहायचं तर कुठे लिहायचं?

मंगळवारच्या बाईला बसायला स्टूल द्यायचं आणि आपण काहीतरी उसवत राहायचं. तिच्याकडे बघायचं नाही. मग ती बोलते. पुढच्या मंगळवारी करून बघा. उसवायला तुमचा जुना कोट घ्या, तसाही तो तुम्हाला होत नाही.

इथे एका न्हाव्यानं दुकानाच्या माडीवर संग्रहालय केलंय. मिशांचं. खऱ्या मिशा, पुठ्ठ्यावर चिकटवून काचेच्या चौकटीत. खाली तारीख आणि काढण्याचं कारण. ‘नोकरीच्या मुलाखतीसाठी. नोकरी मिळाली नाही.’ ‘मुलगी घाबरते म्हणून.’ ‘पैज.’ ‘पैज.’ ‘पैज.’ एक पांढरी शुभ्र, कंगव्यासारखी, तिच्याखाली ‘बायको म्हणाली, एकदा तुमचा ओठ बघू दे.’ मी तिथे बराच वेळ थांबले. न्हावी म्हणाला, ‘सगळ्या बायका इथेच थांबतात.’

वन्संनी त्याला तुमच्या मिशीचं सांगितलं. त्यानं चौकट राखून ठेवली आहे.

आणि इथून पुढचं आमचं ठिकाण म्हणजे खुर्ची. आठवते ना? रस्त्याच्या डाव्या हाताला, झाडांच्या वर डोकं काढून बसलेली लाकडी खुर्ची. दर वेळी मी ‘अहो ती बघा’ म्हणेपर्यंत तुम्ही ती मागे टाकलेली असायची. आणि तिथे आलं की नेमका तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर दाबला जायचा, हे मी कितीदा पाहिलंय. मला वाटायचं, मला चिडवायला करता. चौदा तारखेला आम्ही तिथे पोचू. लॉज नाही म्हणतात, पण खुर्चीवालीच दोन खोल्या देते.

तुमची


१३ फेब्रुवारी
घरून

प्रिय,

हे पत्र तातडीच्या टपालानं टाकतो आहे.

खुर्चीच्या गावी जाऊ नका. एक तर तिथे आता फाट्यापुढचा रस्ता खराब आहे. दुसरं, लाकूड जुनं झालं असल्यामुळे वर चढणं धोक्याचं आहे आणि तुझे गुडघे तुला माहीत आहेत. तिसरं, खुर्ची रस्त्यावरून दिसते तेवढीच आहे, जवळ जाऊन ती वेगळी दिसत नाही. त्यापेक्षा सरळ पुढे गेलात तर चहाच्या किटलीच्या आकाराची पाण्याची टाकी आहे. तिच्या तोटीतून पाणी गळतं आणि खाली पोरं अंघोळ करतात. ते बघण्यासारखं आहे.

घरी ठीक. मंगळवारी ती बाई आली. मी कोट उसवला. ती चाळीस मिनिटं बोलली. मला वाटलं नव्हतं की तिच्या घरी असं काही असेल. तुला हे सगळं माहीत होतं का? आणि तू मला कधी काही सांगितलं नाहीस.

बोटाला जरा सुई लागली आहे. काळजी नसावी.

खुर्चीकडे जाऊ नका.

मी


१७ फेब्रुवारी
खुर्चीच्या गावातून

अहो,

तुम्ही तीन कारणं दिलीत. खरं कारण असलं की माणूस एकच देतो.

रस्ता चांगला आहे. खुर्ची बत्तीस फूट उंच आहे, खाली ‘जगातली सर्वात मोठी खुर्ची’ अशी पाटी आहे, आणि जवळ गेलं की ती वेगळी दिसते. मागून शिडी आहे, एकेचाळीस पायऱ्या. बैठकीवर वीस माणसं सहज बसतील. एका सुतारानं अडीच वर्षं खपून ती उभी केली, कारण काय तर लांब पल्ल्याच्या बस इथे बारा मिनिटं थांबायच्या आणि उतरलेल्या माणसांना बघायला काही नव्हतं. मग काय, माणसं वर चढायची, पाय लोंबकळत बसायची, चहा प्यायची. त्या बारा मिनिटांवर इथे चार चहाची दुकानं, एक फोटोवाला, एक चपला दुरुस्त करणारा आणि एक शिंपी जगत होते. शिंप्याचं दुकान मी बघून आले. पायमशीन अजून आत आहे, पट्टा तुटलेला, टेबलाचं लाकूड डाव्या हाताच्या जागी गुळगुळीत झालेलं. कुलूप गंजलंय.

सुतार आता नाही. त्याची बायको, खुर्चीवाली, सत्तरीची आहे. चहाचं एकच दुकान उरलंय, तिचं. आम्ही वरून उतरलो तेव्हा ती म्हणाली, ‘खुर्ची बघितलीत ना, आता तिला मारणारा बघा,’ आणि भिंतीवरची एक चौकट दाखवली. काचेखाली एक पत्र.

‘आपल्या अर्जाचा सर्व बाजूंनी विचार करण्यात आला. वेळेच्या बचतीच्या दृष्टीने सदर थांबा पूर्ववत करणे शक्य नाही.’

खाली सही. सहीखाली आडवी रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. ही सही मी मुलाच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर पाहिलीय.

वन्संनी चौकटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग आम्ही दोघी एकदम चहात बघायला लागलो.

आपल्या बैठकीत एक प्रशस्तिपत्र आहे, ‘वेळेच्या बचतीबद्दल विशेष गौरव’. एकोणीस वर्षं मी ते दर रविवारी पुसते. ते ह्याचंच का? एवढंच कळवा.


२० फेब्रुवारी
घरून

संदर्भ : तुझं दि. १७ चं पत्र.

१) होय, ते ह्याचंच.

२) त्या वेळी मार्गावर रोज चौदा गाड्या होत्या. प्रत्येकी बारा मिनिटं म्हणजे दिवसाला एकशे अडुसष्ट मिनिटं. ही बचत लहान नाही. वरून दबाव होता की प्रवास चार तासांच्या आत बसवा.

३)

तीन नंबरवर काय लिहायचं ते काल दुपारपासून सुचलेलं नाही. आकडे घालून लिहिलं की मला वाटतं मी खरं लिहितोय. साधंच लिहितो.

दबाव नव्हता. कल्पना माझीच होती. भिंतीएवढ्या तक्त्यावर सगळ्या गाड्यांच्या रेघा तिरप्या चालायच्या, आणि त्या एका गावापाशी प्रत्येक रेघ पायरीसारखी मोडायची. मला ती पायरी डोळ्यांत खुपायची. मी ती काढली. रेघ सरळ झाली. मी दूर उभा राहून पाहिलं आणि मला फार समाधान वाटलं. गावाचा विचार मनात आला नाही. मी तिथे कधी उतरलोच नव्हतो.

तो सुतार तीनदा आगारात आला. पहिल्यांदा मी ‘विचार करू’ म्हटलं. दुसऱ्यांदा त्याच्या हातात ते पत्र दिलं. तिसऱ्यांदा तो एक वीतभर उंचीची खुर्ची घेऊन आला, हुबेहूब, शिडीसकट. मला दाखवायला. तो बाहेरच्या बाकावर बसला दहा वाजता. मी शिपायाला सांगितलं, मीटिंग आहे. मीटिंग नव्हती. चार वाजता मी मागच्या दारानं घरी आलो. तू विचारलंस, आज लवकर कसे? मी म्हटलं, काम आटपलं.

आणि आणखी एक. वाचलेल्या बारा मिनिटांचं काय झालं ते कुणालाच माहीत नाही. गाड्या लवकर यायला लागल्या, पण फलाट रिकामा नसायचा. म्हणून त्या आगाराच्या फाटकाबाहेर रांगेत उभ्या राहायच्या. साधारण बारा मिनिटं. हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. तोवर प्रशस्तिपत्र मिळालं होतं.

म्हणून मी तिथे पाय दाबायचो. तुला चिडवायला नाही.

प्रशस्तिपत्र काढलंय. भिंतीवर पांढरा चौकोन दिसतोय, तो कशानं झाकायचा ते कळव. किंवा नको झाकायला.


२४ फेब्रुवारी
खुर्चीच्या गावातून

अहो,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा बसून, एकदा वर खुर्चीत जाऊन. चढताना गुडघे दुखले, तेवढं तुमचं एक कारण खरं निघालं.

मला राग आलाय. थांबा काढला म्हणून आहेच, पण मागच्या दारानं आलात त्याचा जास्त. त्या दिवशी मी तुम्हाला चहा केला असेल. बिस्किटंसुद्धा दिली असतील.

आता इथलं. मी चार दिवस गप्प होते. खुर्चीवालीच्या खोलीत राहायचं, तिच्या हातचं खायचं आणि सांगायचं नाही, हे मला जमत नव्हतं. सांगणंही जमत नव्हतं. शेवटी वन्संनी सांगितलं. ड्रेसिंग काढतात तसं, एका दमात : ‘ती सही माझ्या भावाची आहे. हिच्या नवऱ्याची.’

बाई चहा गाळत होती. तिनं सगळा गाळला. गाळणं आपटलं, धुतलं, खुंटीला लावलं. मग म्हणाली, ‘उंच आहे का?’

मी म्हटलं, ‘मध्यम.’

‘मला बुटका वाटायचा.’

तिनं हात पदराला पुसले. मग ती म्हणाली, ‘एकोणीस वर्षं रोज सकाळी दुकान उघडताना त्याला दोन शिव्या देते. आता तुमच्यासमोर कशा देऊ?’

मी म्हटलं, ‘द्या की. तिसरी माझ्याकडून.’

ती हसली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी खरंच दिल्या, तीन. तिसरी देताना माझ्याकडे पाहिलं. वन्संनी चौथी दिली, ती मी लिहू शकत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. खुर्चीचा पुढचा डावा पाय खालून कुजलाय. नगरपालिकेनं नोटीस लावलीय, पंधरा मार्चपर्यंत दुरुस्त करा नाहीतर पाडू. दुरुस्तीला माणसं नाहीत. मुलं शहरात गेली, ती फोनवर म्हणतात, आई, आता सोड. बाई म्हणते, ‘बघायलाच कुणी येत नाही, तर उभी कशाला ठेवू?’ हे ती असं म्हणते, जसं माझी गिऱ्हाइकं म्हणतात, ‘राहू द्या ताई, फाटलं तर फाटलं,’ आणि कपडा मात्र हातातून सोडत नाहीत.

मी अजून आठ दिवस इथेच आहे. किटलीची टाकी राहू दे. तुम्ही काय करणार ते तुमचं तुम्ही ठरवा. मी सांगणार नाही.


१ मार्च
घरून

प्रिय,

मी आगारात गेलो होतो. तीन दिवस.

माझ्या टेबलावर आता माझ्याच हाताखाली शिकलेली मुलगी बसते. मुलगी म्हणजे पंचेचाळिशीची आहे. पहिल्या दिवशी तिला वेळ नव्हता. मी बाहेरच्या बाकावर बसलो. तो बाक फार वाईट आहे. मागची फळी मधेच संपते, पाठ टेकता येत नाही. बावीस वर्षं माझ्या दाराबाहेर तो बाक होता आणि मी त्यावर एकदाही बसलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, ‘सर, विचार करू.’ हे वाक्य तिला मीच शिकवलेलं.

तिसऱ्या दिवशी मी डबा घेऊन गेलो. तिला ते दिसलं. तिनं आत बोलावलं आणि सरळ सांगितलं की थांबा परत मिळणार नाही. वेळापत्रक आता वरच्या कार्यालयात संगणकावर होतं, तिच्या हातात काही नाही. मी उठलो. तेव्हा ती म्हणाली, ‘पण सर, विनंती थांबा तर आहे.’

नियमांच्या पुस्तकात आहे, पान सत्तेचाळीस. प्रवाशांनी आधी सांगितलं, तर चालकानं सोयीच्या जागी गाडी थांबवावी. मार्गावरच्या कुठल्याही गावात. कलम मीच लिहिलं होतं, पुस्तक जाडजूड दिसावं म्हणून. आजवर कुणी विनंती केली नाही, कारण कुणाला सांगितलंच नाही. तिनं त्या मार्गाच्या गाड्यांत चालकाच्या मागे लावायला एक सूचना छापून दिली. पाच गाड्यांना मी स्वतः चिकटवली.

उद्या सकाळच्या गाडीनं मी निघतोय. दुकानाच्या दारावर चिठ्ठी लावली आहे. मंगळवारच्या बाईला वेगळं सांगितलंय.

खुर्चीवाल्या बाईंना काय म्हणायचं ते मी तीन प्रकारे लिहून पाहिलं आणि फाडलं.

मी


१२ मार्च
घरून

अहो,

ह्या वेळी घरून मी लिहितेय आणि रस्त्यावर तुम्ही, हे जरा चुकल्यासारखं वाटतं.

आम्ही सुखरूप पोचलो. वन्संनी वाटेत न्हाव्याकडे गाडी थांबवून तुमची चौकट अजून रिकामी आहे याची खात्री केली.

स्वयंपाकघराच्या दारावरचं वेळापत्रक वाचलं. ‘सायंकाळी सहा ते सहा पंधरा : तिचा विचार’ असं एका ओळीत पेन्सिलीनं लिहून खोडलंय. खोडरबर चांगला घेत जा.

तुम्ही एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला बटण लावलंत म्हणे. तो परत घेऊन आला. बटण, काज आणि आतला बनियन असं सगळं तुम्ही एकत्र शिवलंय. बनियन त्या वेळी त्याच्या अंगात होता का, हे मी विचारलं नाही. दातांच्या डॉक्टरांनी मात्र सोनेरी पट्ट्या आपल्या पॅन्टीला लावून मागितल्यात.

तुम्ही आलात तो दिवस मी इथे मशीनवर बसून परत परत आठवते. चालकाचा विश्वास बसला नाही आणि त्यानं तुम्हाला तीन किलोमीटर पुढे उतरवलं. तुम्ही उन्हात चालत आलात, बॅग डोक्यावर. खुर्चीवालीनं लांबून पाहिलं आणि मला विचारलं, ‘हाच का?’ मी म्हटलं, हाच. ‘खरंच मध्यम आहे,’ ती म्हणाली.

तुम्ही तिच्यासमोर उभे राहिलात, बॅग अजून डोक्यावरच. चौतीस वर्षांत मी तुम्हाला असं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, आता ती हाकलून देते. तिनं चहा दिला. तुम्ही प्यालात. मग तिनं पत्र्याचं खरवडणं तुमच्या हातात ठेवलं आणि म्हणाली, ‘माफीचं नंतर बघू. आधी तो पाय खरवड.’

मी दोन दिवसांनी निघाले ते तुमच्यावर रागावून नाही. इथे सोळा पॅन्टी पडल्या होत्या. आणि तुम्हाला कुणाच्या तरी हाताखाली काम करताना बघून मला हसू यायला लागलं होतं, ते तिथे बरं दिसलं नसतं.

तीन दिवसांनी पंधरा तारीख. काय झालं ते कळवा. मी वाट बघतेय.

तुमची


१९ मार्च
खुर्चीच्या गावातून

प्रिय,

खुर्ची उभी आहे. पण आधी होती तेवढी नाही. क्रमानं सांगतो.

मी पाय खरवडत गेलो तसतसं कुजलेलं लाकूड वरपर्यंत लागत गेलं. सहा फुटांपर्यंत पोकळ. नगरपालिकेचा अभियंता पंधराला आला, टिकाव घेऊनच. तरुण आहे, वाईट माणूस नाही, त्याला घाई होती. त्यानं पाय ठोकून पाहिला आणि म्हणाला, आजच पाडायला लागेल. बाई दुकानात जाऊन उगाच कपबशा पुसायला लागल्या. मी त्याला विचारलं, सहा फुटांच्या वर लाकूड कसं आहे? तो म्हणाला, वर दगडासारखं आहे. मी म्हटलं, मग चारही पाय सहा-सहा फुटांनी कापले तर?

तो म्हणाला, ‘मग ती सर्वात मोठी राहणार नाही.’

दुकानातून बाईंचा आवाज आला, ‘कापा.’

तीन दिवस लागले. शहरातून त्यांची दोन्ही मुलं आली. मोठ्यानं जॅक लावले, धाकट्यानं करवत धरली. दुसरं टोक माझ्याकडे होतं. धाकटा मला म्हणाला, ‘काका, तुम्ही नात्यानं कोण?’ मी सांगितलं. त्यानं करवत थांबवली. मी म्हटलं, हवं तर मी जातो. तो म्हणाला, ‘बाबांनी ती लहान खुर्ची तुमच्याचसाठी केली होती. माझा आठवडाभर अभ्यास घेतला नव्हता त्यापायी.’ मग म्हणाला, ‘ओढा.’ आम्ही दिवसभर ओढत होतो. एकमेकांशी बोललो नाही, पण करवत बरोबर चालली.

आता खुर्ची सव्वीस फूट आहे. शिडी तेहतीस पायऱ्यांची. तुझ्या गुडघ्यांना तेवढंच बरं.

काल सकाळी अकराची गाडी थांबली. मी नव्हतं सांगितलं, गाडीतल्या एका आजोबांनी सूचना वाचून विनंती केली होती. एकोणतीस माणसं उतरली. बाईंकडे तेरा कप होते. माणसं कप धुवायची वाट बघत वर चढून बसली. चालक भोंगा वाजवत होता आणि वरून कुणीही हललं नाही. शेवटी चालकच वर गेला. किती वेळ गाडी उभी होती ते मी मोजलं नाही, कारण मी कप विसळत होतो. बरेच फुटले.

गाडी गेल्यावर बाई म्हणाल्या, ‘उद्यापासून शिवी एकच.’

आज पाटी रंगवायची होती. जुन्या पाटीवर ‘जगातली सर्वात मोठी खुर्ची’ असं आहे. बाई म्हणाल्या, ‘आता खोटं नको. तुझं अक्षर चांगलं आहे, ते भिंतीवर बघतेच मी. तू लिही.’ मी पाटी पुसली आणि खूप विचार करून लिहिलं : ‘बरीच मोठी खुर्ची’.

त्या चष्मा लावून आल्या. वाचलं. ‘जगातली’ कुठे गेलं, म्हणाल्या. मी म्हटलं, आता ती जगातली सर्वात मोठी नाही ना.

‘सर्वात काढ. जगातली राहू दे. खुर्ची जगातलीच आहे.’

म्हणून आता पाटी आहे : ‘जगातली बरीच मोठी खुर्ची’. रंग वाळतोय.

शिंप्याच्या दुकानाचं कुलूप थोरल्यानं तोडलं. आत मशीन चांगलं आहे, फक्त पट्टा हवा. मापानं तू आण, मला त्यातलं कळत नाही. शनिवारच्या गाडीनं ये, मंगळवारच्या आत परत जाता येईल. चालकाला आधी सांगून ठेव. नाही थांबला, तर मी तीन किलोमीटर पुढे येऊन उभा राहीन.

तुझा,
मध्यम